आज्ञाभंग, अवज्ञा की बंड?

लोअर परळच्या एका डबिंग स्टुडिओत मराठी संवाद लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. परदेशी युद्धमालिकेत कर्नल हाताखालच्या लेफ्टनंटवर ‘इनसबॉर्डिनेशन!’ म्हणून खेकसतो. ताईंनी ‘हा आज्ञाभंग आहे’ असं लिहिलं. दिग्दर्शकांना ‘अवज्ञा’ हवं, कारण शब्द आटोपशीर आहे. आवाज द्यायला आलेले कलाकार म्हणाले, सरळ ‘बंड’ म्हणा, लोकांना पटकन कळतं. हे तिन्ही एकच का, आणि जाता जाता ‘कोर्ट मार्शल’ला मराठीत काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

एकच मुळीच नाहीत. वरिष्ठ अधिकारी पुढे काय करणार, हे यातला कुठला शब्द लागू पडतो त्यावर ठरतं.

आधी ‘अवज्ञा’ निकालात काढू. हा शब्द ‘आज्ञा’च्या आधी नकार लावून झालेला नाही, तसा भास मात्र होतो. अवमान, अवहेलना यांतला जो ‘अव’, तोच इथे आहे. अवज्ञा म्हणजे तुच्छ लेखणं. हुकूम तंतोतंत पाळूनही अवज्ञा करता येते: सलाम ठोकायचा, पण असा की समोरच्याचा पारा चढावा. उलट साहेबाबद्दल मनात पुरेपूर आदर ठेवून त्याचा हुकूम मोडता येतो. हिंदीवाले १९३०च्या चळवळीला ‘सविनय अवज्ञा’ म्हणतात. मराठीने ‘सविनय कायदेभंग’ म्हटलं ते मला जास्त नेटकं वाटतं, कारण विनयाने तुच्छ लेखायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

‘आज्ञाभंग’ हा कोरडा, हिशेबी शब्द आहे. हुकूम होता, तो पाळला गेला नाही, एवढंच तो सांगतो. का पाळला नाही ते सांगत नाही, आणि सैन्यात सगळा खल त्या ‘का’वरच होतो. आपल्याकडच्या १९५०च्या सेना कायद्याचं कलम ४१ हेच करतं. वरिष्ठाने कर्तव्य बजावताना समोरासमोर दिलेला कायदेशीर हुकूम त्याच्या अधिकारालाच आव्हान देत, जाणूनबुजून धुडकावला, तर १४ वर्षांपर्यंत कैद. नुसताच मोडला, तर प्रत्यक्ष मोहिमेवर असताना १४, एरवी ५ वर्षांपर्यंत. ‘कायदेशीर’ हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे. साहेबाच्या घरची धुणी धू, असा हुकूम त्यात बसत नाही.

अर्थात रोजच्या धबडग्यात प्रकरण कलमांपर्यंत क्वचितच जातं. आपल्याकडे ज्याला हयगय, टाळाटाळ, कामचुकारपणा म्हणतात, त्याचा निकाल सुभेदारसाहेबांच्या कानउघाडणीत किंवा पाठीवर पिठ्ठू (सामानाची जड पिशवी) बांधून मैदानाला फेऱ्या मारण्यात लागतो. त्यावर गेलं की ‘पेशी’. हा पलटणीतला रोजचा शब्द आहे. जवानाची टोपी आणि पट्टा काढून घेतात, त्याला लेफ्ट-राइट करत कमांडिंग ऑफिसरच्या टेबलासमोर उभं करतात, आरोप वाचून दाखवतात. एरवी सॅल्यूटसाठी आपोआप वर जाणारा हात टोपीच नसल्यामुळे खालीच राहतो. ऑफिसर तिथल्या तिथे २८ दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो, किंवा नुसती समज देऊन सोडू शकतो. कुणाला काय द्यायचं यातच त्याची पारख होते.

मग कर्नलच्या तोंडी काय घालायचं? प्रसंग वाचला तर लेफ्टनंटने हुकूम अजून मोडलेलाच नाही. तो चारचौघांत उलट बोलला आहे. कायद्यातसुद्धा उद्धट बोलण्याचा गुन्हा आज्ञाभंगापासून वेगळा काढलेला आहे. याला मराठीत फर्मास शब्द पडून आहे: ‘बेअदबी’. तो दरबारी आहे, लष्करी आहे, आणि खेकसून म्हणायला उत्तम. ‘ही बेअदबी आहे, लेफ्टनंट!’ ओठ जुळतात का ते तुम्ही बघा.

जुन्या मराठीचा या बाबतीतला साठा आजच्यापेक्षा मोठा होता. १८ जानेवारी १६७५चं शिवाजीमहाराजांचं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं पत्र बघा. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला पद्मदुर्ग उभा राहत होता. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमाराला पैसा आणि धान्य पोचवायचा हुकूम होता, आणि सुभेदाराने तो दाबून ठेवला. महाराज त्याला सुनावतात: ‘गनिमाचे चाकर, गनीम जालेस’. पुढे ‘बरा नतीजा’ मिळेल असं बजावतात (त्या ‘बरा’तली धार लक्षात घ्या) आणि शेवटी ‘ताकीद असे’. ब्राह्मण म्हणून ‘मुलाहिजा’ होणार नाही, हेही त्यात आहे. पत्रातला आरोप नुसत्या आज्ञाभंगाचा नाही, परिणामाचा आहे. तू रसद रोखलीस म्हणजे सिद्दीचंच काम केलंस.

सेनापतींच्या बाबतीत शब्द बदलतात. पन्हाळ्याच्या हल्ल्याला १६६६मध्ये नेताजी पालकर वेळेवर पोचला नाही. ‘समयास कैसा पावला नाहीस’ एवढं विचारून त्याला दूर केलं, असं सभासदाच्या बखरीत आहे. यालाच पुढे आपण ‘बडतर्फ’ म्हणायला लागलो. मूळ फारसी ‘बर-तरफ’, म्हणजे बाजूला. नेताजी बाजूला झाला तो थेट आदिलशहाकडे आणि तिथून मोगलांकडे गेला.

प्रतापराव गुजराने उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत धरलं आणि तह करून सोडून दिलं. ‘सला काय निमित्त केला?’ हा महाराजांचा सवाल. इथला ‘सला’ म्हणजे तह. उपदेशाचा सल्ला नव्हे. प्रतापरावाच्या वागण्याला मराठीत अगदी नेमकं अव्यय आहे: ‘परस्पर’. त्याने परस्पर तह केला. हुकुमाकडे पाठ फिरवली असं नाही, वरच्याला विचारलं नाही. तो बोल जिव्हारी लागून १६७४मध्ये नेसरीला मोजक्या स्वारांनिशी खानावर चालून गेला आणि मारला गेला. एकाला काढलं, दुसऱ्याला नुसतं बोललं, आणि माणसं दोन्ही गेली.

याच्या नेमकं उलट उदाहरण इंग्रज नौसेनानी नेल्सनचं. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठाने माघारीची निशाणी केली, तेव्हा याने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावून ‘मला दिसत नाही’ म्हटलं, अशी कथा आहे. लढाई जिंकली. वरिष्ठ पार्कर परत बोलावला गेला आणि ताफा नेल्सनकडे आला. इंग्रजीतला ‘टर्न अ ब्लाइंड आय’ हा वाक्प्रचार त्यावरून आला असं सांगतात. आपल्याकडे ‘कानाडोळा’ आधीपासून आहेच, आणि त्यात कानाचीही सोय आहे.

आता ‘बंड’. एकट्याने केला तर आज्ञाभंग, संगनमताने केलं तर बंड. कायदाही सामुदायिकपणाच बघतो, आणि त्याची कमाल शिक्षा मृत्युदंड आहे. पण बंड हे नाव कोण देतं याला महत्त्व आहे, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईचंच आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’वर (नाव जहाजाचं, पण होतं किनाऱ्यावरचं संदेशवहन प्रशिक्षण केंद्र) निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्यांवरून नौसैनिकांनी जेवण आणि काम बंद केलं. त्यांनी समिती नेमली तिच्या नावात ‘संप’ होता. गिरण्यांच्या शहरात दुसरा कुठला शब्द सुचणार? नौदलाचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी रेडिओवरून, आरमार नष्ट झालं तरी बेहत्तर, अशी धमकी दिली. सरकारच्या लेखी ते बंड होतं. मराठी वर्तमानपत्रांतून ‘नाविकांचं बंड’ रूढ झालं, आणि नंतर आदराने ‘उठाव’. कॅसल बॅरक्स या नौसैनिकांच्या तळावर गोळीबार झाला, २३ फेब्रुवारीला नौसैनिकांनी शरणागती पत्करली आणि शेकडोंना नौदलातून काढलं. स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. उठाव म्हणणारेही शिस्तीच्या बाबतीत ‘बंड’च मानत होते, असा याचा अर्थ मी लावतो.

म्हणून माझा आडाखा असा: बोलणारा वरचा असेल तर ‘बंड’, करणारा स्वतः असेल तर ‘उठाव’. राजकारणातली मंडळी हा फरक आपल्यापेक्षा चांगला जाणतात. तिथे व्हिपला मात्र ‘पक्षादेश’ म्हणतात. तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते, पिठ्ठू लागत नाही.

राहता राहिलं ‘कोर्ट मार्शल’. ‘सैनिकी न्यायालय’ लिहिलं तर चूक नाही, पण पलटणीत ते कुणाच्या तोंडी येत नाही. कोर्ट मार्शलच ठेवा, आणि नपुंसकलिंगी वापरा: त्याचं कोर्ट मार्शल झालं. सेना कायद्यात त्याचे चार प्रकार आहेत. जनरल आणि समरी जनरल कोर्ट मार्शलला फाशीपर्यंतचे अधिकार असतात. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल दोन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतं. समरी कोर्ट मार्शल कमांडिंग ऑफिसर स्वतः चालवतो, पण अधिकाऱ्यांवर नाही. तेव्हा पटकथेत लेफ्टनंटचं ‘समरी कोर्ट मार्शल’ असेल आणि मालिका भारतीय सैन्यावर बेतलेली असेल, तर ते वाक्य आधी दुरुस्त करा.