काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने आणि फोटोवाला

प्रश्न : ताई, लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत, त्याच आठवड्यात काळा घोड्याला फॅमिली पोर्ट्रेट शूट ठरवलंय. मी, नवरा, सासूबाई आणि दिरांचं दीड वर्षाचं पिल्लू. सगळ्यांनी काळंच घालायचं असं माझं म्हणणं, सासूबाई म्हणतात फोटोत नुसता अंधार दिसेल. नवऱ्याने तर हिवाळी लुक म्हणून हायनेक स्वेटर ऑर्डर केलाय. कुणाचं ऐकू? – नवी सून, परळ

उत्तर : सासूबाईंचं ऐक गं, निदान अर्धं तरी. चौघं काळ्यात खेटून बसले की कोणाचा हात कुठे संपला नि कोणाचा खांदा कुठे सुरू झाला काही कळत नाही, नुसते चार चेहरे तरंगताना दिसतात. काळं तू नेस, यंदा मान तुझाच आहे, आणि बुट्ट्यांची चंद्रकळा असेल तर सोन्याहून पिवळं, प्लेन काळी जॉर्जेट मात्र नको, तिच्या निऱ्यासुद्धा दिसत नाहीत फोटोत. सासूबाईंना लाल काठाची बाटलीहिरवी इरकल, नवऱ्याला मरून नाहीतर वांगी कुर्ता. बाळाला काळं झबलं चालेल पण मग त्याला तुझ्या मांडीवर नाही, आजीच्या मांडीवर बसवा, म्हणजे हिरव्यावर तो उठून दिसेल.

हे रंग उगाच नाही सांगत. तिथली डेव्हिड ससून लायब्ररी पिवळसर मालाड दगडाची आहे, तिच्यासमोर मोहरी, बदामी, खाकी घातलं की माणूस भिंतीतच गडप. आणि बारीक रेघांचा शर्ट कोणीच घालू नका, स्क्रीनवर त्या रेघा लाटांसारख्या वळवळतात.

स्वेटर परत पाठव! हिवाळी लुकचे ते फोटो बर्फातले असतात, आपल्याकडे जानेवारीत दुपारी पारा ३०च्या आसपास, हायनेकमध्ये घामाने कपाळ असं चमकेल की फोटोवाला टिश्यूच देत बसेल. फारच हौस असेल तर कुर्त्यावर खादीचं जाकीट, बास. आपला हिवाळा कपड्यात नाही, उन्हात आहे. रविवारी साडेसातला पोचा, सूर्यच सव्वासातच्या सुमारास उगवतो, कोवळं तिरकं ऊन मिळतं आणि गर्दीही नसते, नऊनंतर डोळ्यांखाली सावल्या पडायला लागतात. परवानगीचं मात्र फोटोवाल्याला आधीच विचारून ठेव, ट्रायपॉड दिसला की वॉचमन येतोच.

हलव्याचे दागिने अगदी शेवटी घाला. काळ्यावर पांढरा हलवा झकास दिसतो, पण घामाने चिकट होतो आणि बाळ त्याचा मुकुट खाणार, खाणारच. आधी सगळ्यांचे नीट फोटो काढून घ्या, मग खाऊ दे बापडा, तोच फोटो फ्रेम कराल बघ.

प्रश्न : बाबांच्या पंचाहत्तरीचं पोर्ट्रेट घरातच काढायचंय. बाबा सूट आणि चष्मा, दोन्हीवर अडून बसलेत. – बोरिवलीची लेक

उत्तर : मग असू दे की, पंचाहत्तरी त्यांची आहे! सूट पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे नको, लाकडी कपाटापुढे बसवा, खिडकी एका बाजूला येऊ दे आणि ट्यूबलाइट बंद. काचेत खिडकी चमकलीच तर चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काच जरा खाली झुकते आणि चमक जाते. टाय तेवढा आदल्या दिवशी इस्त्री करून ठेव.