टाकी भरलेली नाही, मग स्वच्छता कर कशाचा? (उत्तर जरा लांबलंय)

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ठणकलं. तुमच्याकडे बारा वर्षांत सेप्टिक टँक एकदाही उपसला नाही, कधी तुंबलाही नाही. तरी नगरपरिषदेने घरपट्टीच्या बिलात स्वच्छता कर लावला, वर "फरशी काढून झाकणं मोकळी करा" अशी नोटीसही धाडली. भरायचं की हरकत घ्यायची, असं तुम्ही विचारताय. माझं मत विचाराल तर दोन्ही करा. कर भरा, आणि त्या पैशातून काम कसं मोजलं जातंय त्यावर हरकत घ्या. (मी वकील नाही. हरकतीची मुदत आणि नियम तुमच्या गावचे बघा.)

आधी "भरली नाही" हे डोक्यातून काढा. टाकी वापरात आली की काही दिवसांतच भरते आणि मग कायम भरलेलीच असते. जेवढं आत येतं तेवढं पाणी बाहेर जातं. साचत जातो तो तळाचा गाळ आणि वरची साय. दोन्ही मिळून निम्म्या खोलीला आले की मैला सरळ शोषखड्ड्यात, नाहीतर गटारात. आयएस 2470 या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकाप्रमाणे घरगुती टाकी दोन वर्षांतून एकदा तरी उपसायला हवी. पाच माणसांना त्यात दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण मीटरभर पाण्याची टाकी धरली आहे. आपले गवंडी त्याहून बऱ्याच मोठ्या बांधतात, म्हणून तीन वर्षांचा फेरा चालून जातो. बारा वर्षांचा नाही चालत.

बारा वर्षांत तळाचा गाळ चिकणमातीसारखा बसतो. मैला उपसणाऱ्या गाडीचा पंप तो ओढत नाही. मग पाणी मारून ढवळायचं, आणि तरी नाही निघाला की कुणीतरी म्हणतं, "पोरगा उतरेल दोन मिनिटं." माणसं मरतात ती इथे. ढवळलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि तो वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो. "रात्रभर झाकण उघडं ठेवलं होतं" याला काही अर्थ नाही, कारण वायू गाळातच अडकलेला असतो. कंदील सोडून बघणं तर त्याहून वाईट, आत मिथेनही असतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे: पहिल्यांदा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात नगरपरिषद येते, ठेकेदार येतो आणि घरमालकही येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली.

गेलेल्या माणसाची भरपाई पैशाने होत नाही, ते सोडा. नुसता हिशेब करा. समजा गावात 9,000 टाक्या आहेत. 30 लाख म्हणजे घरटी 333 रुपये, एका मृत्यूचे. तुमचा कर या आकड्यासमोर ठेवून बघा. सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिककडच्या सिन्नरने तीन वर्षांच्या फेऱ्याने सगळ्या टाक्या उपसायची पद्धत बसवली, त्यासाठी स्वच्छता कर लावला आणि ठेकेदाराचं बिल उपसलेल्या टाक्यांच्या संख्येशी बांधलं. वेळच्या वेळी उपसलेला गाळ पातळ राहतो, पाइपने निघतो, कुणाला उतरावं लागत नाही. नियमांचा खर्च म्हणून लोक नाकं मुरडतात, पण त्यातली खरी सुरक्षा या फेऱ्यातच आहे.

आता मूळ मुद्दा. झाकण.

बहुतेक टाक्यांना मधे भिंत असते, म्हणजे दोन कप्पे. संडासाकडून येणारा पाइप पडतो त्या पहिल्या कप्प्यात बहुतेक सगळा गाळ असतो. फरशी घालताना मात्र पहिल्या कप्प्याचं झाकण गाडलं जातं आणि दुसऱ्याचं तेवढं ठेवतात, कारण ते कोपऱ्यात असतं आणि दिसत नाही. गाडी येते, दुसऱ्या कप्प्यातलं पाणी ओढते, पावती फाडते, जाते. गाळ जिथल्या तिथे. घरमालक खूश, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. या एका चुकीपायी तीनदा पैसे मोजलेत, म्हणून एवढं लिहितोय.

आणि कार्यालय! कुठलं ते सांगत नाही. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर मालकाचं नाव, टाकीची लांबी-रुंदी, बांधल्याचं वर्ष, मंजूर नकाशा (चाळीस वर्षांच्या घराचा!) हे सगळं आहे. कप्पे किती, झाकणं किती, कुठे, हा रकाना नाही. वर टेबलावरून टेबलावर तीन खेपा, कारण "त्या रकान्याची तरतूद नाही". वरच्या 9,000 टाक्या तीन वर्षांत उपसायच्या तर वर्षाला 3,000, म्हणजे 300 कामाच्या दिवसांत रोज 10. दर पाचव्या घरी झाकण सापडलं नाही तर वर्षाला 600 फेऱ्या फुकट. डिझेल, माणसांचा रोज, सगळं तुमच्या-आमच्या करातून. त्यात ठेका "फेरीप्रमाणे" असेल तर ठेकेदाराला गाळ काढण्याची गरजच काय? पाणी ओढलं तरी फेरी मोजली जातेच. तुमची हरकत इथे घ्या: पैसे टाकीप्रमाणे, दोन्ही कप्पे उघडून, मालकाची सही घेऊन.

घरी काय कराल:

पाइपच्या रेषेत मोजून पहिल्या कप्प्याची जागा काढा आणि तेवढीच फरशी मशीनने कापा. सगळी फोडायची गरज नाही. दोन्ही झाकणं कडी असलेली बसवा, सिमेंटने कायमची बंद करू नका. दोन मीटरच्या काठीला पांढरं फडकं गुंडाळून वरूनच तळापर्यंत सोडा. काळ्या चिखलाची खूण किती उंच आली ते दिसेल. वाकून आत डोकावायचं नाही, मुलांना लांब ठेवा. हवेचा पाइप 50 मिमीचा तरी हवा, तोंडाला डासांची जाळी; टाकी घराला लागून असेल तर छताच्या दोन मीटर वर न्या. गाडी आली की आधी पहिला कप्पा उघडायला लावा, उभे राहून बघा.

बॅक्टेरियाची पावडर वगैरे माझ्या मते पैसे वाया. कुणाला गुण आला असेल तर असो.

कोकणात किंवा नदीकाठी असाल तर भर पावसात उपसायला लावू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, खालून उचलली जाते आणि जोड तुटतात. मार्च-एप्रिलची पाळी मागून घ्या आणि उपसून झाल्यावर लगेच पाण्याने भरा.