ढोंग, दंभ, दुटप्पीपणा: मैदानावरच्या प्रार्थनेसाठी नेमका शब्द कोणता?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक उघडपणे येशूचं नाव घेतात, मैदानावर प्रार्थना करतात, आणि त्यांच्यावर ‘हिपॉक्रिसी’चा आरोपही होतो. या विषयावरच्या मराठी लेखाला ‘सार्वजनिक ख्रिस्ती श्रद्धेचे प्रदर्शन आणि ढोंगीपणा’ हे शीर्षक चालेल का? ‘दांभिकता’, ‘भोंदूगिरी’, ‘पाखंड’ यांतला एखादा शब्द जास्त नेमका आहे का?

शीर्षक व्याकरणाने शुद्ध आहे, पण मी ते बदलेन. ‘प्रदर्शन’ आणि ‘ढोंगीपणा’ हे दोन शब्द शेजारी आले की लेख सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो. शिवाय ‘हिपॉक्रिसी’ या एका शब्दात इंग्रजी जे कोंबते, ते मराठीत चार-पाच शब्दांत वाटलं गेलं आहे. शब्द निवडताना एकच विचारायचं: अंतर कशात आणि कशात पडलं आहे?

जे नाही ते असल्याचं दाखवलं, तर ते ढोंग. आजारपणाचं ढोंग, झोपेचं ढोंग. म्हणजे एखाद्या खेळाडूच्या प्रार्थनेला ‘ढोंग’ म्हटलं की त्याच्या मनात विश्वास नाहीच, असं आपण छातीठोकपणे सांगत असतो. दंभाचं तसं नाही. दंभात भक्ती खरीही असू शकते, पण ती लोकांना दिसावी ही हाव तिला चिकटलेली असते. गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या ‘दंभ’ शब्दाचा अर्थ शंकराचार्य ‘धर्मध्वजित्व’ असा देतात: धर्माचा झेंडा खांद्यावर घेऊन फिरणं. तेराव्या अध्यायातलं ‘अदंभित्व’ समजावताना ज्ञानेश्वर शेतकऱ्याचा दाखला देतात. पेरलेलं बी तो मातीने झाकतो, तसा दंभ नसलेला माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. बी खरंच असतं, प्रश्न फक्त ते उघडं ठेवायचं की झाकायचं एवढाच असतो. ढोंग आणि दंभ यांतला फरक यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

बायबलमधला मूळ संदर्भ या चर्चेत टाळता येत नाही, कारण दोन्ही बाजू त्याच पानांचा आधार घेतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की ढोंग्यांसारखी प्रार्थना करू नका. लोकांनी पाहावं म्हणून सभास्थानांत आणि चवाठ्यावर उभं राहून प्रार्थना करायला त्यांना आवडतं. तुम्ही खोलीत जा, दार लावा आणि मग प्रार्थना करा. तिथला ग्रीक शब्द मूळचा रंगभूमीचा, त्याचा अर्थ नट. मराठीत नटाच्या कामाला ‘सोंग’ म्हणतात आणि लबाडीला ‘ढोंग’. सोंग सगळ्यांना ठाऊक असतं, सोंगाड्या कुणाला फसवत नाही. ढोंग समोरच्याला ठाऊक नसतं. ग्रीकमध्ये एकाच शब्दाने हा प्रवास केला, आपल्याकडे दोन वेगळे शब्द राहिले, आणि मराठी बायबलने ‘ढोंगी’ निवडला. त्यामुळे हे वचन उद्धृत करताना ‘ढोंगी’च लिहावं, मराठी ख्रिस्ती वाचकाच्या कानात तोच शब्द बसला आहे. पण वचनाचा आशय नीट पाहिला तर तिथली माणसं नास्तिक नाहीत. प्रार्थना ती खरोखर करतात, फक्त चवाठ्यावर. आजच्या मराठीत त्यांना ‘दांभिक’ म्हणणं जास्त जवळचं.

आता दुसरी बाजू. त्याच प्रवचनात एक अध्याय आधी ‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडो’ असं सांगितलं आहे, आणि दहाव्या अध्यायात माणसांसमोर येशूला ‘पत्करण्या’ची गोष्ट आहे. मैदानावर गुडघ्यावर बसणारा खेळाडू ही वचनं पाळत असतो. त्याच्या लेखी ते प्रदर्शन नसतं, ‘साक्ष’ असते. मराठी ख्रिस्ती बोलीत ‘साक्ष देणे’ हा रोजचा प्रयोग आहे. इतर वाचकांना ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट आठवतं, म्हणून पहिल्यांदा ‘आपल्या विश्वासाची साक्ष देणे’ असं पूर्ण लिहावं, पुढे नुसतं ‘साक्ष’ चालतं.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण टिम टीबोचं. फ्लोरिडा विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, 8 जानेवारी 2009 रोजी ओक्लाहोमाविरुद्धच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात उतरला तेव्हा त्याच्या एका डोळ्याखालच्या काळ्या पट्ट्यावर ‘जॉन’ आणि दुसऱ्याखालच्या पट्ट्यावर ‘3:16’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन. फ्लोरिडाने तो सामना 24-14 असा जिंकला आणि त्या वचनाचा शोध घेणाऱ्यांची इंटरनेटवर झुंबड उडाली. इथे अनुवादात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे त्या काळ्या पट्ट्याला ‘काजळ’ म्हणतात. काजळ डोळ्यांत घालतात. हा पट्टा गालाच्या हाडावर असतो, त्यात मेण, पॅराफिन आणि कार्बन असतो, आणि उन्हाची किंवा दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो लावतात. ‘डोळ्यांखालचा काळा पट्टा’ एवढं पुरे. दुसरी चूक ‘जॉन 3:16’ ही. पट्ट्यावर ‘जॉन’ होतं हे सांगणं बरोबर, पण वचनाचा उल्लेख ‘योहान 3:16’ असाच करावा. मॅथ्यू नव्हे, मत्तय. येशूच्या काळातल्या कर्मठ ज्यू पंथाचे लोक फॅरिसी नव्हेत, परूशी.

2010 च्या हंगामापासून अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने त्या पट्ट्यावर शब्द, आकडे, चिन्हं लिहायला बंदी केली. बंदी बायबलपुरती नव्हती. रेगी बुश हा दुसरा कॉलेज खेळाडू त्याच पट्ट्यावर ‘619’ लिहायचा, तो त्याच्या गावाकडचा टेलिफोन कोड. त्यामुळे ‘एनसीएएने बायबलच्या वचनांवर बंदी घातली’ हे वाक्य चुकीचं ठरतं.

शब्दांच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचा वाटतो तो खेळातल्या गैरवर्तनाचा नियम. स्वतःकडे लक्ष वेधण्यासाठी केलेली रेंगाळलेली, अतिरेकी किंवा आधीच बसवलेली कृती केली तर 15 यार्डांचा दंड होतो. 1995 मध्ये लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठाने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, कारण टचडाउन झाल्यावर, म्हणजे गुण मिळवल्यावर, एन्ड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) गुडघ्यावर बसून केलेली प्रार्थनाही या नियमात सापडेल अशी भीती होती. मग एनसीएएने खुलासा केला की प्रार्थना चालेल, मात्र ती लांबवून स्वतःकडे लक्ष ओढून घेता येणार नाही. पंचाला खेळाडूचं मन दिसत नाही. किती वेळ घेतला, कुणाकडे पाहिलं, एवढंच दिसतं. लेखकालाही तेवढंच दिसतं, म्हणून लेखकानेही तेवढंच लिहावं. त्यासाठी मराठीत एक सुरेख क्रियापद आहे: मिरवणे. ‘त्याने आपला विश्वास मिरवला’ यात टीकेची छटा आहे, पण तो खोटा असल्याचा आरोप नाही. दागिना मिरवतात तो सोन्याचाच असतो. त्याहून मोठ्या, सगळ्या संस्थेने उभ्या केलेल्या थाटासाठी ‘अवडंबर’ हा शब्द आहे, तोही खऱ्याखोट्याबद्दल काही बोलत नाही. ‘प्रदर्शन’ला मात्र मांडून ठेवल्याचा वास येतो. तटस्थ लिहायचं असेल तर ‘उघड प्रार्थना’ किंवा ‘चारचौघांत केलेली प्रार्थना’ म्हणावं.

‘हिपॉक्रिसी’चा आरोप प्रत्यक्षात जिथे होतो, त्या प्रकरणांवर शब्द लावून पाहिले की फरक दिसतो. ह्यू फ्रीझ हे मिसिसिपी विद्यापीठाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक, ख्रिस्ती विश्वासाबद्दल सतत जाहीरपणे बोलणारे. विद्यापीठाने दिलेल्या फोनवरून एस्कॉर्ट सेवेशी जोडलेल्या नंबरला कॉल गेल्याचं उघड झालं आणि जुलै 2017 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. याला ‘ढोंग’ म्हणावं का? बोलणं आणि वागणं यांत अंतर पडलं हे नोंदीवरून सिद्ध होतं, विश्वास खोटा होता हे होत नाही. ख्रिस्ती माणूस याला ‘पतन’ म्हणेल, आणि विश्वास असलेल्याचंच पतन होतं. बातमीत ‘बोलणं एक, वागणं एक’ असं लिहावं. मतलेखात ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण’ शोभेल. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण मी टाळतो, तमाशा कलावंतांना ती विनाकारण खाली ओढते. डिसेंबर 2018 मध्ये लिबर्टी विद्यापीठाने फ्रीझ यांना नेमलं. ते दुटप्पीपणाचं ठरवायचं असेल तर त्याच विद्यापीठाने तशाच चुकीसाठी दुसऱ्या कुणाला वेगळं माप लावल्याचं दाखवावं लागेल. दोन मापं दाखवता आली तरच ‘दुटप्पी’, नाहीतर ती ‘क्षमा’ असू शकते, आणि क्षमा हा ख्रिस्ती शिकवणीचा गाभा आहे.

दोन मापांचा आरोप क्लेमसन विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक डॅबो स्विनी यांच्यावर झाला तो पैशांवरून. कॉलेजचा खेळ व्यावसायिक झाला तर आपण दुसरं काही काम करू, असं ते 2014 मध्ये म्हणाले. 2019 मध्ये त्यांचा स्वतःचा करार झाला 10 वर्षांचा, 9 कोटी 30 लाख डॉलरचा. खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरून पैसे मिळवायची मुभा मिळाली जुलै 2021 मध्ये. हे सगळं उघड्यावर घडलं, त्यात ढोंग काहीच नाही. टीकाकारांचा शब्द मराठीत आणायचा तर तो ‘दुटप्पीपणा’च. टेक्सासमधल्या बेलर या बाप्टिस्ट विद्यापीठाची गोष्ट आणखी निराळी. तिथे 1996 पर्यंत आवारात नाचायला बंदी होती. 2016 मध्ये लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी नीट न हाताळल्याचे निष्कर्ष बाहेर आले आणि मुख्य प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना जावं लागलं. तिथे ‘दांभिकता’ म्हणणं फार मवाळ होतं. जे घडलं त्यासाठी मराठीत ‘पांघरूण घालणे’ आहे, आणि तेच लिहावं.

या सगळ्या चर्चेत इंग्रजीला सहज सापडत नाही असा एक शब्द मराठीकडे आहे, तो म्हणजे भीड. क्लेमसन हे सरकारी विद्यापीठ. तिथे 2012 मध्ये डीआंड्रे हॉपकिन्स या खेळाडूचा बाप्तिस्मा सरावाच्या मैदानावर झाला, आणि 2014 मध्ये फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन या संस्थेने संघातल्या धार्मिक कार्यक्रमांविरुद्ध तक्रार केली. संघातल्या प्रार्थना ऐच्छिक असतात, असं नेहमी सांगितलं जातं. पण कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं हे ज्याच्या हातात आहे, तो शेजारी डोळे मिटून उभा असताना ‘ऐच्छिक’चा अर्थ पातळ होतो. शाळेच्या फुटबॉलमधलं ब्रेमर्टनचं प्रकरण, म्हणजे सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या प्रशिक्षकाचं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा एका पालकाचं म्हणणं नोंदीत होतं: मुलगा देव मानत नव्हता, तरी खेळायला मिळणार नाही या धास्तीने प्रार्थनेत उभा राहायचा. 27 जून 2022 रोजी न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. बहुमताने त्याची प्रार्थना शांत आणि वैयक्तिक मानली. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती सोटोमायर यांनी छायाचित्रंच छापली, त्यांत खेळाडूंच्या घोळक्यात तो मध्यभागी दिसतो. त्या घोळक्यातल्या मुलाला ‘ढोंगी’ म्हणणं अन्याय आहे. त्याने जे केलं ते भिडेखातर. ‘दबावाखाली’ हा शब्द तिथे जड पडतो, कारण कुणी धमकी दिलेली नसते. ‘भिडेखातर केलेली प्रार्थना’ हा शब्दप्रयोग मराठी लेखाने जरूर वापरावा.

गुडघ्याबद्दलही सांभाळायला हवं. ‘खेळाडूने गुडघे टेकले’ असं लिहिलं की मराठी वाचक तो हरला असं समजतो. ‘एक गुडघा जमिनीला लावून प्रार्थना केली’ असं लिहावं. त्यातच कॉलिन कॅपर्निक या व्यावसायिक खेळाडूने 2016 मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून एक गुडघा जमिनीला लावला. टीबोच्या प्रार्थनेतल्या गुडघ्याचं कौतुक करून कॅपर्निकच्या गुडघ्यावर चिडलेल्या प्रेक्षकाबद्दल लिहायचं असेल, तर तो दुटप्पीपणा प्रेक्षकाचा, खेळाडूचा नव्हे.

राहिलेले दोन शब्द. ‘भोंदू’ वापरायला फसवला गेलेला माणूस लागतो. भोंदणे म्हणजे ठकवणे, आणि वैराग्याची कळा दाखवून विषयांचा सोहळा भोगणाऱ्यांना तुकोबांनी हाच शब्द लावला. भक्तीच्या नावाने कुणाचे पैसे उकळल्याचा पुरावा नसेल तर तो वापरू नये. ‘पाखंड’ अजिबात नको. हिंदीत त्याचा अर्थ ढोंग, मराठीत मात्र पाखंडी म्हणजे धर्ममताविरुद्ध जाणारा, आणि मराठी चर्चच्या भाषेतही तोच अर्थ. टीबोला पाखंडी म्हटलं तर अर्थ थेट उलटा होतो.

आणि ‘श्रद्धा’ऐवजी ‘विश्वास’ घ्यावा, मराठी ख्रिस्ती माणूस स्वतःला ‘विश्वासी’ म्हणवतो. ‘विश्वासाचे प्रकटीकरण’ मात्र टाळावं, कारण ‘प्रकटीकरण’ हे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव आहे. नुसतं ‘फुटबॉल’ लिहिलं तर कोल्हापूर किंवा मडगावच्या वाचकाला पायाने खेळायचा खेळच दिसेल, तेव्हा ‘अमेरिकन फुटबॉल’ हवंच. लेखात खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांबद्दल मजकूर असेल तर शीर्षक असं सुचवतो: ‘अमेरिकन कॉलेज फुटबॉल: मैदानावर मिरवलेला विश्वास आणि दुटप्पीपणाचे आरोप’. ‘आरोप’ हा शब्द काढू नये.