आठ तास झोपूनही थकवा जात नसेल तर

बाय,

तू लिहिलंस ते वाचलं. रात्री दहाला पडतेस, सहाला उठतेस, मध्ये जागही येत नाही, तरी दिवसभर अंग जड. आणि घरात सगळे म्हणतात, "आळशी झाली पोर." आधी हा शब्द मनातून काढून टाक. आळशी माणसाला काम करावंसंच वाटत नाही. तुला वाटतं, पण अंग साथ देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी करताना अशा कितीतरी मुली माझ्यासमोर येऊन बसल्या. बहुतेकींनी घरी हेच ऐकलेलं असायचं, आणि बऱ्याच जणींच्या रक्ताच्या रिपोर्टात कारण सरळ दिसायचं.

झोप पुरेशी आहे, म्हणजे रविवारी दहापर्यंत लोळून हे सुटायचं नाही. उलट सोमवारची सकाळ आणखी जड जाईल, कारण उठायची वेळ सारखी बदलली की शरीराचं घड्याळ बिघडतं. त्यापेक्षा आठवडाभर वहीत टिपून ठेव, थकवा नेमका कधी गाठतो ते. उठल्या उठल्या? चढ चढताना? डबा खाल्ल्यावर? की काहीही न करता, सकाळपासून रात्रीपर्यंत सारखाच? वेळेवरून कारणाचा बराचसा माग लागतो.

तू जाता जाता लिहिलंयस की स्टॉपवरून घरी येताना पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर मध्येच थांबावं लागतं. माझं लक्ष तिथेच अडकलंय. जी मुलगी लहानपणापासून ती पाखाडी धावत चढली, तिला ऐन पंचविशीत तिथे धाप लागू नये. उद्या सकाळी आरसा घेऊन खळ्यात उजेडात उभी राहा आणि खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढ. आतली कड लालसर हवी. फिकी, पांढरट दिसली तर रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. लाल दिसली तरी तपासणी टाळू नकोस, नुसत्या डोळ्यांना सगळं कळत नाही.

बाईचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना तो निघाला, म्हणजे तू काही जगावेगळी नाहीस. पण मला जास्त काळजी वाटते ती बारा-साडेबारा आलेल्यांची. "नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. शरीरातला लोहाचा साठा मात्र हिमोग्लोबिन उतरायच्या आधीच आटत आलेला असू शकतो, आणि थकवा तेव्हापासूनच सुरू होतो. हा साठा फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतो. म्हणून डॉक्टरांना विचारून सीबीसी म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीबरोबर फेरिटिन, बी-12, थायरॉइडची टीएसएच आणि साखर हे सगळं एकदमच करून घे. यातलं काय काय फुकट होतं ते आधी आरोग्य केंद्रात विचार, मग बाहेरच्या लॅबमध्ये जा.

डॉक्टरांसमोर पाळीबद्दल मोकळेपणाने बोल. किती दिवस जाते, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का. मुली "नेहमीसारखी" म्हणून विषय संपवतात आणि लोह दर महिन्याला तिथूनच जात असतं. दुसरं, तू वाडीत शिंपणं करायला अनवाणी जातेस का? ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि माणूस हळूहळू पांढरा पडत जातो. चपला घालून जा. जंताची गोळी घ्यायची का, हेही विचारून घे.

आता खाणं. सकाळी चहा-खारी, दुपारी डब्यात भात, आमटी, लोणचं आणि डबा संपायच्या आत ऑफिसातला चहा. चहाने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेव. फक्त एवढा एक बदल करायला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. आपल्याकडे तिसऱ्या आहेत, कालवं आहेत, बांगडा आहे. तिसऱ्यांत तर लोह आणि बी-12 दोन्ही भरपूर. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण आणि मग गणपती. एवढे महिने ताटात मासे जवळजवळ नसतातच. त्या दिवसांत कुळथाची पिठी, चवळी, टाकळा, शेवग्याचा पाला खा आणि वर लिंबू पिळ. भाजी-कडधान्यातलं लोह कमी शोषलं जातं, लिंबू, आवळा, पेरू सोबत असले की ते वाढतं.

लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नकोस. हिमोग्लोबिन कमी असण्याची कारणं वेगळीही असतात. थॅलेसेमिया या आईबापाकडून येणाऱ्या रक्तदोषाचा अंश असलेल्या माणसाचं ते कमी राहतं आणि तरी त्याला लोह लागतंच असं नाही. गोळ्या दिल्याच तर शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. अंगात जोर आला म्हणून मध्येच सोडूही नकोस. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला आणखी काही महिने लागतात. शाळेत आठवड्याला मिळणारी ती लोहाची निळी गोळी निम्म्या मुली पाठ फिरली की टाकून द्यायच्या, हे मला पक्कं ठाऊक आहे.

शिंका येतात म्हणून रोज रात्री सेटिरिझिन घेतेस, असं तुझ्या आईने मागे सांगितलं होतं. त्या गोळीची गुंगी काही जणांना दुसऱ्या दिवशीही राहते. डॉक्टरांना हे सांगायला विसरू नकोस. आणि शेजारी झोपणाऱ्या आजीला विचार, तू मोठ्याने घोरतेस का, मध्येच श्वास अडल्यासारखा होतो का. तसं असेल तर तास भरतात, पण गाढ झोप लागत नाही, आणि त्याची तपासणी वेगळी असते. पावसाळ्यात डेंग्यूसारखा ताप येऊन गेला असेल तर त्यानंतरची अशक्तता कित्येक आठवडे टिकते. अशा वेळी एक दिवस जोर करून सगळं उरकलं आणि पुढचे दोन दिवस आडवं पडावं लागलं, तर जोर करू नकोस, कामं थोडी थोडी वाटून घे.

रिपोर्ट सगळे चांगले आले तर? मला वाटतं, त्याहीबद्दल आताच बोलावं.

दोघे भाऊ मुंबईला. इथे तू, आईबाबा आणि आजी. ऑफिसातून आलीस की आजीची औषधं, बाबांचं बँकेचं काम, लाइटचं बिल, गड्याची मजुरी, वरून भावांचे फोन, "आईचे डोळे दाखवलेस का?" रात्री तू झोपतेस, पण दिवसभरात टेकतेस कधी? डोक्यात चोवीस तास चार माणसांची यादी चालू असेल तर आठ तासांच्या झोपेने भागत नाही. भावांना स्पष्ट सांग. आईचे डोळे दाखवायचं काम गणपतीला येतील तेव्हा त्यांनी करावं, आठवड्यातून दोन दिवस घरात मदतीला बाई ठेवावी आणि तिचे पैसे त्यांनी पाठवावेत. त्यांना हे सुचलं नसेल, कारण तू आजवर सगळं निभावून नेलंस. तुला सांगायला जड जात असेल तर मी फोन करते, मला त्यात काही संकोच नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन रमत नसेल, कुणाला भेटू नये असं वाटत असेल, उगीच रडू येत असेल, तर तोही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटलं तर एक क्षण थांबू नकोस, तिथे लाव किंवा मला लाव.

संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवडे न गेलेला खोकला, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर आठवडाभराची वही बाजूला ठेव आणि उद्याच दवाखान्यात जा.

नाहीतर शनिवारी अर्धी सुट्टी असते ना, सकाळी उपाशीपोटी रक्त दे आणि मग ऑफिसला जा. घरी आल्यावर जुने रिपोर्ट असतील तेही शोधून ठेव, आधीचा आकडा कळला की बरं पडतं. सगळ्याचे नीट फोटो काढून मला पाठव. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण रविवारी फोनवर लिहून काढू.

तुझी,
काकू