केस दुसऱ्याच दिवशी चिकट होतात, किती दिवसांनी धुवावे?
टाळू तेलकट असेल तर एक दिवसाआड धुवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, वावरात दिवसभर डोक्याला दुपट्टा, अशात रोज धुतले तरी बिघडत नाही. केस कोरडे किंवा कुरळे असले तर आठवड्यातून एकदा पुरे.

खरी गोची पाण्याची आहे. आम्ही अकोल्याकडचे, खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट असलेल्या भागातले. बोअरच्या पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावला की फेस येतच नाही, उलट पांढरट चिकट थर केसांवर बसतो. मग वाटतं, तेल निघालंच नाही! साबण सोडा. शाम्पूची पुडी अर्ध्या मग पाण्यात कालवा, बोटांच्या पेरांनी फक्त टाळूवर चोळा. टोकांना खाली उतरणारा फेस पुरतो. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या.

तेल न्हायच्या आदल्या रात्री लावायचं, न्हाल्यावर नाही. (आमची आजी हे ऐकत नाही, ते वेगळं.)

खाज आणि कोंडाही असेल तर मेडिकलमधून २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आणा. आठवड्यातून दोनदा लावून ५ मिनिटं ठेवा, मग धुवा. महिनाभरात फरक नाही पडला तर चामडीच्या डॉक्टरला दाखवा.