कॉम्प्युटरसाठी सरकारी कॉलेज: ऑप्शन फॉर्ममध्ये वर काय, खाली काय

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन थांबत नाही. गेली बरीच वर्षं मी या दिवसांत मुलांसोबत कॅपचे, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेचे, ऑप्शन फॉर्म भरायला बसते, आणि कॉम्प्युटर पाहिजे, तेही सरकारी पाहिजे, हे जवळजवळ प्रत्येकाचं असतं. या वेळी आलेल्यातले पाच प्रश्न घेतलेत.

प्रश्न (लातूरहून एक विद्यार्थी): मला ९६.८ पर्सेंटाइल, ओपन. पुण्याच्या सीओईपी, मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर तर लागणार नाही. मग ते वर टाकून पहिल्या जागा कशाला वाया घालवू? जळगावचं गव्हर्नमेंट एक नंबरला टाकलं तर तिथला चान्स वाढेल ना?

नाही वाढणार बाळा, आणि हा गैरसमज मी दरवर्षी घरोघरी बघते. जागावाटप मेरिट नंबरने होतं. तुझा नंबर आला की सिस्टिम तुझी यादी वरून खाली वाचते आणि जिथे जागा शिल्लक असेल ते पहिलं कॉलेज देते, म्हणजे जळगाव तू पहिलं टाक नाहीतर नववं, तुझ्या मागच्या नंबरवाल्याने ते पहिलं टाकलंय म्हणून त्याला तुझ्याआधी मिळत नाही. ओपनमधून सीओईपी-व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरला साडेनव्व्याण्णव पण पुरत नाहीत हे खरंय, पण वर लिहिल्याने तुझं काहीच जात नाही.

जातं ते उलट केल्याने. २०२५ च्या प्रवेशात चार राउंड होते आणि नियम असा होता की पहिल्या राउंडला एक नंबरचा पर्याय लागला की सीट आपोआप पक्की, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं तरी पक्की, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी, आणि चौथ्याला जे लागेल ते. नको असेल तर पुढच्या राउंडमधून बाहेर. माझ्याकडे नंतर रडत आलेल्या एका मुलाने "सेफ" म्हणून घराजवळचं कॉलेज एकला टाकलं होतं, ते पहिल्याच राउंडला लागलं, आणि त्याला मनापासून हवं असलेलं कॉलेज त्याच्याच नंबरवर दुसऱ्या राउंडला उघडलं. काही करता आलं नाही. म्हणून यादी मनातल्या क्रमाने लाव, कटऑफच्या क्रमाने नको. यंदाचं माहितीपत्रक स्वतः उघडून हा भाग वाच, कॅफेवाल्यावर सोडू नकोस.

आणि जळगावपाशी थांबू नको. अमरावती, कराड, छत्रपती संभाजीनगर, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडचं एसजीजीएस, लोणेरेचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, सांगलीचं वालचंद (हे अनुदानित आहे) ही सगळी बघ, कॉम्प्युटर आणि आयटी दोन्ही.

प्रश्न (अकोल्याहून एक वडील): मुलीला ९५ पर्सेंटाइल, आम्ही ओबीसी, उत्पन्न साडेपाच लाख. अमरावती गव्हर्नमेंटचं सीएसई (कॉम्प्युटर) बघतोय, पण नातेवाईक म्हणतात पुण्याचं प्रायव्हेट घ्या, कंपन्या तिथे आहेत.

दादा, आधी पैशाचा हिशोब नीट करू, कारण तो तुमच्या बाबतीत बदललाय. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कॅपमधून प्रवेश घेतला तर हे प्रायव्हेट कॉलेजलाही लागू होतं, मॅनेजमेंट कोट्याला नाही आणि खाजगी किंवा अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे सरकारी स्वस्त आणि प्रायव्हेट महाग हे तुमच्यासाठी तेवढं खरं राहिलं नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे मात्र तुमच्याच खिशातून, आणि पुण्यात राहायचं म्हणजे तो खर्च अमरावतीपेक्षा खूपच जास्त.

मग उरतो अभ्यास. दोन्हीकडे प्रत्यक्ष जा आणि सिनियर मुलींना गाठा, ऑफिसात विचारू नका. डिपार्टमेंटला कायमचे प्राध्यापक किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासावर, किती? लॅब संध्याकाळी उघडी असते का? मागच्या बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली आणि त्यात अगदी मधोमध येणाऱ्या मुलाला किती पगार मिळाला? बोर्डावरचं सर्वात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं, त्यावरून तुमच्या लेकीचं काहीच कळत नाही. अमरावतीचं कॉलेज १९६४ चं आहे, स्वायत्त आहे, आणि तिथे सोबतची पोरं मेरिटवर आलेली असतात, याची किंमत मी फार मोठी धरते कारण कोडिंग पोरं निम्मं एकमेकांकडूनच शिकतात. पुण्याचा फायदा इंटर्नशिपचा, तो खरा आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत अमरावतीची मुलगीही दोन महिने पुण्यात राहून ते करू शकते. पुण्याचं अगदी वरच्या फळीतलं प्रायव्हेट लागत असेल तर विचार करा, मधल्या फळीतल्यासाठी मी अमरावती सोडणार नाही.

नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी हातात आहे ना? नुसती पावती असेल तर आजच मागे लागा, मुदतीत कागद आला नाही की मुलगी ओपनमध्ये जाते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थिनी): सीओईपीला मेटलर्जी लागेल असं दिसतंय आणि इथे गव्हर्नमेंटला सीएसई. घरचे म्हणतात सीओईपी ते सीओईपी.

घरच्यांचं चुकत नाही, १८५४ पासूनचं कॉलेज आहे, नाव आहे, माजी विद्यार्थी सगळीकडे आहेत, आणि तिथे बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या बाकीच्या ब्रँचच्या मुलांनाही बसू देतात. पण चार वर्षं रोज सकाळी उठून तुला मेटलर्जीच्या लेक्चरला बसायचंय, आणि डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम हे सगळं रात्री आपलं आपण शिकायचं. तुला कोडिंग खरंच आवडत असेल, म्हणजे बारावीनंतर थोडं तरी स्वतः लिहून बघितलं असशील, तर इथलं सीएसई घे. अजून नक्की नसेल तर सीओईपीचं ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मेटलर्जीच्या वर टाक, लागलं तर त्यातून इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे जाता येतं. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नको, जागा मोजक्या असतात आणि रांगेत सगळे टॉपरच.

प्रश्न (नाशिकहून एक आई): मुलगा राजस्थानात कोटा शहरात शिकतो, बारावीचा फॉर्म तिथल्याच शाळेतून. नागपूरच्या व्हीएनआयटीला महाराष्ट्राचा म्हणून फायदा मिळेल ना?

नाही ताई, आणि हे लोकांना फार उशिरा कळतं. व्हीएनआयटीचे प्रवेश जेईई मेनवरून जोसामार्फत (आयआयटी-एनआयटीची एकत्रित प्रवेशप्रक्रिया) होतात, आणि एनआयटीतल्या निम्म्या होम स्टेट जागांसाठी बारावी कुठल्या राज्यातून झाली ते बघतात, डोमिसाइल नाही. राजस्थानातून बारावी म्हणजे त्याचं होम स्टेट राजस्थान, होम कोटा जयपूरच्या एमएनआयटीला, नागपूरला तो बाहेरचा. पुणे आणि नागपूरच्या ट्रिपलआयटीला होम स्टेट कोटाच नसतो, तिथे फरक पडत नाही, फक्त त्या पीपीपी, म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारीच्या, तत्त्वावर चालतात, फीची तयारी ठेवा. राज्याच्या कॅपसाठी तुमचं डोमिसाइल चालेल, त्यामुळे सीईटी द्यायला लावाच.

प्रश्न (कोल्हापूरहून): कटऑफच्या पीडीएफमध्ये जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएस असं काय काय असतं?

पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे कॅटेगरी. शेवटचं अक्षर महत्त्वाचं: एच होम युनिव्हर्सिटी म्हणजे कॉलेजच्याच विद्यापीठाच्या भागातले, ओ बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे, एस राज्यस्तर. तू शिवाजी विद्यापीठाच्या भागातला, तेव्हा सांगलीच्या प्रायव्हेट कॉलेजला एचची ओळ वाच आणि नागपूरच्या प्रायव्हेट कॉलेजला ओची. पोरं भलतीच ओळ वाचतात आणि उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीची योजना) ही ओळ वेगळी, त्या पाच टक्के जादा जागांवर ट्यूशन फी नसते पण कटऑफ बराच वर जातो. आणि पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबर छापलेला असतो तोही बघ, निदान मागच्या तीन वर्षांचा, आणि पहिल्या राउंडचा नको, शेवटच्या राउंडचा.