घरच्या इंटरनेटला महिन्याला किती पैसे द्यावेत आणि ते वसूल होतायत हे कसं ओळखावं?

तुमच्या घरात चार माणसं आहेत, ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी संध्याकाळी आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. कंपनी म्हणते ५०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. आणि तुम्ही विचारताय, या नेटला नेमके किती पैसे देणं योग्य?

५०० चा प्लॅन आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून वेग कमी पडतोय असं वाटत नाही. विकत घेतलेला वेग त्या खोलीपर्यंत पोचत नाहीये, आणि ५०० घेतलेत तरी तोही तिथपर्यंत पोचणार नाही.

आधी चार माणसांना खरोखर किती लागतं ते बघा. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरे म्हणतं. चांगल्या दर्जाच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना साधारण ४-४ लागतात. ऑनलाइन गेम खेळताना तर १ सुद्धा क्वचित लागतो. एक टीव्ही ४के, दोन मोबाईल एचडी आणि एक कॉल असं एकाच वेळी धरलं तर बेरीज २९ होते. दुप्पट करून ६० धरा. म्हणजे तुमच्यासारख्या घराला १०० चा प्लॅन आरामात पुरतो. त्यापुढचा वेग कामी येतो तो मोठ्या फाइल्स उतरवताना. एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, म्हणून आठाने भागायचं: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. ५० जीबीचा गेम १०० च्या प्लॅनवर ६७ मिनिटांत उतरतो, ३०० वर २२ मिनिटांत. हे महिन्यातून एकदा होत असेल, तर ती पाऊण तासाची बचत दर महिन्याच्या जादा बिलाएवढी मोलाची आहे का, हे तुम्हीच ठरवा. रोज मोठे व्हिडिओ चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाचं गणित अर्थातच वेगळं.

आता मोजणी. मोबाईलवर वायफायने घेतलेली एकच स्पीड टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडा, लॅपटॉपचं वायफाय आणि व्हीपीएन बंद करा, घरातले बाकीचे डाउनलोड थांबवा. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान एकदा, असे तीन दिवस आकडे वहीत टिपा: येणारा वेग (डाउनलोड), जाणारा वेग (अपलोड) आणि पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ. मग तेच मोजमाप राउटरच्याच खोलीत वायफायवर घ्या आणि शेवटी त्या अडकणाऱ्या खोलीत. दुखणं नेमकं कुठे आहे ते या तीन जागांच्या आकड्यांतूनच कळतं.

केबलवर आकडा ९४ च्या आसपास येऊन तिथेच अडकत असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी हातातली केबल बघा. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. प्लगमध्ये एक तार नीट दाबली गेली नसेल किंवा दारात चेपून तुटली असेल, तर दोन्ही टोकांची यंत्रं बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतात आणि नेट 'चालू' दिसत राहतं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसला की हेच झालंय. कॅट-५ई किंवा कॅट-६ ची नवी, तयार प्लग लावलेली केबल लावून बघा. तरीही १००च दिसला तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० मेगाबिटचं आहे. जुन्या आणि स्वस्त राउटरमध्ये हे सर्रास आढळतं. अशा राउटरवर ३०० चा प्लॅन घेणाऱ्याला केबलवर त्यातले दोनशे कधी मिळतच नाहीत, आणि त्यांचे पैसे मात्र दर महिन्याला जातात. फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबर ज्यात येऊन संपते तो) आणि राउटर वेगवेगळे असतील तर त्यांच्यामधली छोटी केबलही तपासा, ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

केबलवर ३०० येतात पण आतल्या खोलीत २०-३०च, असं निघालं तर दोष वायफायचा. वायफाय बहुधा दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीतून लांब जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडमधले छोटे भाग) जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आजूबाजूची सगळी घरं त्याच तीन चॅनेलवर बोलत असतात. संध्याकाळी सगळे घरी आले की गर्दी वाढते. तुमचा त्रास संध्याकाळचाच आहे, त्याचं हे एक कारण असू शकतं. साधा मोबाईल या बँडवर १४४ एमबीपीएसची लिंक दाखवतो, पण हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतात, गर्दीत त्याहून कमी. ५ गिगाहर्ट्झवर वेग कितीतरी जास्त मिळतो, मात्र एक-दोन जाड भिंती आल्या की तो झपाट्याने गळतो.

सगळ्यात आधी फुकटचे उपाय करा. राउटर कपाटातून, टीव्हीच्या मागून आणि जमिनीवरून हलवा. तो घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्यावर हवा, मायक्रोवेव्हपासून लांब. २.४ च्या चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केल्याने शेजाऱ्यांची गर्दीही अंगावर येते. दोन्ही बँडना एकच नाव असेल आणि फोन २.४ लाच चिकटून बसत असेल, तर नावं वेगळी करून बघा. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ एईएस किंवा डब्ल्यूपीए-३ आहे याची खात्री करा. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत निवडलेली राहिली तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगांवर घसरतं.

एवढ्याने भागलं नाही तर माझा कौल केबलला. आतल्या खोलीपर्यंत एक केबल ओढून तिथे अॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा) लावणं हा एकदाच होणारा खर्च आहे, आणि वर्षानुवर्षं भरायच्या मोठ्या प्लॅनपेक्षा तो लवकर फिटतो. केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट नेते, घरात एवढी लागतच नाही. रिपीटर (राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेणार असाल तर एक चूक टाळा: लोक तो नेट न येणाऱ्या खोलीतच लावतात. तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही, मग तो पुढे काय देणार? तो राउटर आणि त्या खोलीच्या मधोमध हवा. एकाच बँडवर ऐकून त्याच बँडवर बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, हेही धरून चाला.

कॉल अडकण्याचं आणखी एक कारण फार कमी लोक तपासतात. संध्याकाळी घरी येऊन फोन चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि जाणारा वेग पूर्ण भरतो. राउटरमध्ये पाकिटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग लागते आणि कॉलचा आवाज त्या रांगेत शेवटी उभा राहतो. नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर टेस्ट संपल्यावर जादा माहिती उघडली की दोन लेटन्सी (पिंगसारखाच उत्तर यायला लागणारा वेळ) दिसतात, एक रिकाम्या लाइनची आणि एक भरलेल्या. रिकामी असताना १५ आणि भरल्यावर २०० मिलिसेकंद असा फरक असेल, तर दुखणं रांगेचं आहे. राउटरमध्ये ही रांग लहान ठेवणारी एसक्यूएम नावाची सोय असेल तर ती चालू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडा वेग जातो, पण कॉल सुधारतो. स्वस्त राउटरचा प्रोसेसर मोठ्या वेगाला हे काम पेलत नाही. तिथे बॅकअप रात्री उशिरा होईल असं फोनमध्ये ठरवून द्या. आणि प्लॅन निवडताना जाणारा वेग आवर्जून विचारा. टीव्हीच्या केबलवरून किंवा जुन्या टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटमध्ये तो येणाऱ्या वेगापेक्षा खूपच कमी असतो आणि जाहिरातीत क्वचितच दिसतो.

केबलवरसुद्धा रोज रात्री वेग निम्म्यावर येत असेल, तर मात्र दोष कंपनीकडे. घरोघरच्या फायबरमध्ये सर्रास वापरलं जाणारं जीपॉन तंत्र एका पोर्टवर २.५ गिगाबिट देतं आणि ते साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. ३२ घरांना ३०० विकले तर बेरीज ९.६ गिगाबिट होते. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग ओढत नाहीत म्हणून हे एरवी निभतं. जिथे निभत नाही तिथे ५०० चा प्लॅन घेऊनही रस्ता तोच आणि गर्दीही तीच. अशा वेळी वहीतले आकडे तारीख-वेळेसह लेखी तक्रारीत द्या आणि करारात किमान वेगाची हमी आहे की नुसतं 'पर्यंत' लिहिलंय ते वाचा.

किमतीचं बोलायचं तर जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि पूर्ण कराराचा खर्च काढा. समजा जाहिरातीतला मासिक दर १०० रुपये आहे. तो पहिले सहा महिने १००, पुढचे सहा महिने १४०. जोडणी १५०, राउटरचं भाडं महिना १०. वर्षाचे झाले ६००, ८४०, १५० आणि १२०, मिळून १७१०. महिन्याला १४२.५. वर कर असेल तर तो वेगळा. दोन कंपन्यांची तुलना नेहमी या आकड्यावर करा. दराला एमबीपीएसने भागून 'स्वस्त' ठरवू नका, कारण त्या हिशोबात मोठा प्लॅनच नेहमी जिंकतो, त्यातला किती वेग वापरला जातो हे कुणी विचारतच नाही. सोबत मिळणाऱ्या ओटीटीची किंमत तेव्हाच धरा, जेव्हा ते तुम्ही एरवीही पैसे देऊन घेतलं असतं. राउटर भाड्याचा असेल तर नव्या राउटरच्या किमतीला भाड्याने भागा. दोन वर्षांच्या आत फिटत असेल तर स्वतःचा घ्या. फायबरचा डबा बहुधा कंपनीचाच राहतो, तो ब्रिज मोडवर टाकून द्यायला सांगा, म्हणजे राउटरचं काम तुमचाच राउटर करेल.

डेटाची मर्यादाही तपासा. 'अमर्यादित' लिहिलेल्या प्लॅनमध्येही एका आकड्यानंतर वेग पाडायची अट असू शकते. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, ४के ७ पर्यंत. दोन पडद्यांवर रोज चार-चार तास एचडी चाललं की महिन्याला ७२० जीबी होतात. १००० जीबीची मर्यादा त्या घराला जेमतेम पुरेल.

दहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून वर्षभर नेट मिळत असेल, म्हणजे दोन महिने फुकट, तर सूट सुमारे १७ टक्के पडते. चांगली आहे, पण आधी एक महिना महिन्याचाच प्लॅन घेऊन रात्रीचे आकडे बघा. जुन्या ग्राहकाने दर कमी करून मागायचा तर करार संपायच्या तीन-चार आठवडे आधी फोन करा, दुसऱ्या कंपनीचा लेखी दर हाताशी ठेवा आणि थेट कनेक्शन बंद करण्याच्या विभागाशी बोला. सवलत द्यायचे अधिकार बहुधा तिथेच असतात. नव्या ग्राहकाला जो दर देताय तोच द्या, एवढंच शांतपणे म्हणा आणि कबूल झालेलं ईमेलवर मागून घ्या. तुमच्या बाबतीत मी १०० किंवा १५० एमबीपीएसच्या प्लॅनवर उतरून वाचलेले पैसे त्या एका केबलवर घालायला सांगेन.

कंपनी बदलायचीच ठरली तर जुनं कनेक्शन एक आठवडा चालू ठेवून नवं तपासा. घराबाहेरून कॅमेरा किंवा घरचा सर्व्हर उघडत असाल तर नव्या कंपनीकडे सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच इंटरनेट पत्ता देण्याची पद्धत) आहे का ते आधी विचारा, कारण मग स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येणारा पत्ता, मिळत नाही आणि तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागू शकतो. जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ता बँकेत किंवा इतरत्र नोंदवलेला असेल तर तो आधी बदला. राउटर परत देताना त्याचा सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती जपून ठेवा.